किल्ली फिरवा, पण गाडी सुरू करू नका

आपल्याकडे खासगी गाडीची सरकारी तपासणी कधी होते? नवी घेतल्यापासून १५ वर्षांनी, पुन्हा नोंदणी करायची वेळ आली की. मधल्या काळात पीयूसी काढतो, पण त्यात सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर बघतात. ब्रेक कोणी बघत नाही, एअरबॅगचं तर नावच नको. सर्व्हिसिंगला गाडी सोडली तर ऑइल, फिल्टर, वॉशिंग होतं आणि मीटरमध्ये कुठली लाइट पेटलेली नसेल तर एबीएसकडे (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) कोणी ढुंकून बघत नाही. माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. तिथे नव्या गाडीची तपासणी पहिल्यांदा ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी होते. २०१५ च्या जुलैपासून तपासणारा माणूस गाडीच्या पोर्टला यंत्र जोडून एबीएस, एअरबॅग, गाडी घसरू न देणारं स्टेबिलिटी कंट्रोल सगळ्यांची हजेरी घेतो. आपल्याकडे हे काम मालकानंच करायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं घराच्या दारात होतं.

मी सांगलीत शंभर फुटी रोडला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. हे आत्ताच लिहायचं कारण साधं आहे. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण करणारा बझर, मागचे पार्किंग सेन्सर आणि ८० च्या पुढे गेलं की वाजणारा स्पीड अलर्ट आला. २०२२ उजाडल्यापासून बाजूच्या सीटलाही एअरबॅग हवीच. म्हणजे ज्या गाड्यांत हे सगळं पहिल्यांदा सरसकट आलं, त्या आता वॉरंटीबाहेर आहेत, बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यात, आणि त्यांच्या वायरी कडक व्हायला लागल्यात. पंधरा वर्षांचा मुहूर्त बघत बसलात तर उपयोग नाही.

वर्षातून दोनदा बघा: मेच्या शेवटी पाऊस सुरू व्हायच्या आधी, आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात. पावसात वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी शिरतं, पण त्याचा हिरवा गंज दिसायला दोनेक महिने जातात. म्हणून दसरा बरोबर पडतो. तसंही गाडी तेव्हा धुऊनपुसून उभी असते. लागणारं सामान म्हणजे टॉर्च, हवेचा गेज, साधा मल्टीमीटर, मोबाइलचा कॅमेरा आणि गाडीसोबत आलेलं मॅन्युअल. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं उतरवून घ्या. शेजाऱ्याच्या गाडीचं चालणार नाही, कारण एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये दिवे वेगळे असतात.

सुरुवात बॅटरीपासून करा. हा इलेक्ट्रिशियनचा हट्ट नाही. बॅटरी पडली की स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली बसतं, आणि मग एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग यांचे कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) गोंधळून नको ते फॉल्ट लिहून ठेवतात. डॅशबोर्डवर जत्रा भरली म्हणून घाबरून आलेल्या कितीतरी गाड्या नुसत्या बॅटरीवर किंवा ढिल्या टर्मिनलवर सुटतात. रात्रभर उभी असलेल्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज सकाळी गाडी सुरू न करता मल्टीमीटरनं मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, १२.२ ला आली तर ती अर्धी रिकामी आहे. आता मल्टीमीटरच्या वायरी टर्मिनलवर धरून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. काटा किंवा आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) हुशार असतो, गरजेप्रमाणे व्होल्टेज कमीजास्त करतो, तेव्हा त्यात आकडा जरा नाचला तर लगेच अल्टरनेटर खोलायला सांगू नका. टर्मिनलला पांढरी पावडर धरली असेल तर गरम पाण्यानं धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा. बोनेटखाली आहातच तर बॅटरीपासून बॉडीला गेलेली अर्थची पट्टीही हलवून बघा. तो एक बोल्ट सैल असला की पुढची सगळी तपासणी वाया.

मग मुख्य काम. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि कॅमेरा डॅशबोर्डच्या मीटरवर धरा. किल्ली ऑनपर्यंत फिरवा, पण गाडी सुरू करू नका. बटणवाल्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्यांत तेच होतं. सगळे दिवे एकदम पेटतील. एबीएस, एअरबॅग आणि असेल तर स्टेबिलिटी कंट्रोलची ती घसरणाऱ्या गाडीची खूण हे दिवे काही सेकंदांत आपले आपण विझायला हवेत. ऑइल, बॅटरी आणि इंजिनचा दिवा गाडी सुरू होईपर्यंत राहतो. दहा-पंधरा सेकंद थांबा, मग गाडी सुरू करा, आणखी थोडा वेळ व्हिडिओ चालू ठेवा.

आता हा व्हिडिओ मॅन्युअलमधल्या चित्रांशी ताडून बघा. लोक फक्त न विझणारा दिवा शोधतात. न विझणारा दिवा निदान खरं बोलतो. मला जास्त भीती न पेटणाऱ्या दिव्याची वाटते. गाडी विकताना एअरबॅगचा दिवा गायब करणं हा जुना धंदा आहे. एक गाडी माझ्याकडे हॉर्नच्या कामासाठी आली होती. किल्ली फिरवली, सगळे दिवे पेटले, एअरबॅगचा नाही. मीटर काढून उघडला तर त्या दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी, व्यवस्थित कात्रीनं गोल कापून लावलेली. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नव्हतीच, नुसतं झाकण. मालकानं गाडी वर्षभर बायकापोरांना घेऊन फिरवली होती.

यापेक्षा बारीक जुगाड म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात. मग तो पेटतो, विझतो, सगळं छान दिसतं. पण व्हिडिओ हळू करून बघा. खरा एअरबॅगचा दिवा इंजिन बंद असतानाच विझतो. तो जर ऑइलच्या दिव्याबरोबर, म्हणजे गाडी सुरू झाल्यावरच विझत असेल तर कुणीतरी हात मारलाय. तिसरा प्रकार दिव्यानं पकडता येत नाही: एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावतात. कंट्रोलर फक्त तेवढा रोध मोजतो, त्याला वाटतं बॅग आहे. हे पकडायला जाणकार माणूस लागतो, त्याबद्दल पुढे.

व्हिडिओ जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढाल तेव्हा जुना शेजारी ठेवून बघता येतो.

एबीएसबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त कुरबुरी तिथेच असतात आणि त्यातल्या निम्म्या डोळ्यांनी दिसतात. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. तो चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग किंवा बेअरिंगमध्येच बसवलेली चुंबकाची पट्टी वाचतो. चाक अडकायला लागलं की कंट्रोलरला कळतं आणि तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा, टॉर्च घेऊन चाकामागं बघा. चाकाच्या मधल्या हबकडे जाणारी पेन्सिलपेक्षा बारीक काळी वायर दिसेल. ती क्लिपांमध्ये बसलेली हवी, लोंबकळलेली किंवा टायरला घासणारी नको. शॉकअब्सॉर्बर बदलला की फिटर ही क्लिप लावायला हमखास विसरतात. वायरीवर दातांच्या खुणा बघा. उंदरांना या वायरी फार आवडतात. बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवणारे बरेच आहेत. ठेवा, पण त्या भरवशावर बघायचं थांबवू नका. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळणं पुरत नाही, सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी घालायला सांगा, आणि त्याहून बरं म्हणजे वायरीसकट सेन्सर नवा घाला.

दोन दुखणी अशी आहेत की त्यात मालकाचे पैसे फुकट जातात. पहिलं, हबचं बेअरिंग बदललं आणि दुसऱ्या दिवशी एबीएसची लाइट लागली. चुंबकाची पट्टी असलेलं बेअरिंग एका ठरावीक बाजूनंच बसवावं लागतं. उलटं बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. मिस्त्री सेन्सर बदला म्हणेल, ऐकू नका, आधी बेअरिंग काढून बाजू बघायला लावा. दुसरं, लाइट लागत नाही, पण सिग्नलला गाडी थांबताना, अगदी शेवटच्या हातभर अंतरात, पेडल पायाखाली कर्र करतं आणि गाडी थोडी पुढे सरकते. रस्ता कोरडा, ब्रेक हलका दाबलेला, तरी. ही एक्सलवरची रिंग तडकल्याची खूण असते. रिंग गंजून फुगते, तडकते, एका ठिकाणी दोन दात्यांमध्ये फट वाढते. वेग कमी असताना सेन्सरला वाटतं चाक अडकलं, आणि एबीएस उगाच कामाला लागतं. चाक उचलून हातानं सावकाश फिरवा आणि टॉर्चनं रिंगवर नजर ठेवा, तड दिसते. लाइट नाही म्हणून हे वर्षानुवर्षं तसंच चालतं, आणि कुणाच्या तरी मागच्या बंपरवर जाऊन कळतं.

ब्रेक ऑइलचा डबाही याच फेरीत बघा. पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी, रंग चहासारखा झाला असेल तर बदला. रंग चांगला असला तरी २ वर्षांनी बदलाच, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्याची हमी १५५ पर्यंतच असते. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेक पाय ठेवून ठेवून तापले की हा फरक पेडलला कळतो, ते स्पंजासारखं आत जातं. तिथे एबीएस काही करू शकत नाही. त्याला दाबच मिळत नाही तर तो सोडणार काय आणि धरणार काय.

चालवून बघायचं तर मोकळं मैदान शोधा. सार्वजनिक रस्ता नको. खडी किंवा ओली माती असेल तर उत्तम, कारण तिथे चाक लवकर अडकतं. मागे कोणी नाही, गाडीत सुटं सामान नाही, बेल्ट लावलेला. ताशी ३० पर्यंत न्या आणि ब्रेक एकदम पूर्ण दाबा, पाय उचलू नका. पेडल थरथरेल, बोनेटमधून कर्रकर्र आवाज येईल, आणि स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळेल. घाबरून पाय उचलायची सवय असते ती इथेच मोडा. घरातले जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना हे एकदा करायला लावा. मैदानात चारही चाकांच्या घसटलेल्या सलग रेघा दिसल्या तर एबीएस झोपलेलं आहे, दिवा काहीही म्हणो.

एअरबॅगकडे वळू. इथे पहिला नियम: पिवळी वायर, पिवळा कपलर, हात लावायचा नाही. मल्टीमीटर तर अजिबात नाही, मीटरच्या स्वतःच्या करंटनंही बॅग उडू शकते. सीटखाली किंवा स्टिअरिंगमध्ये काम करायचं असेल तर बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं आणि ते काम जाणकाराकडून करून घ्यायचं. तुम्ही काय बघू शकता ते सांगतो.

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून हॉर्न वाजवा, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्ये. एखाद्या जागी हॉर्न बंद पडत असेल आणि सोबत एअरबॅगची लाइट लागली असेल, तर स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली स्पायरल केबल तुटलेली आहे. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग दोन्ही त्याच पट्टीतून जातात. हॉर्न बिघडला म्हणून वेगळं बटण डॅशबोर्डवर बसवून देणारे आहेत. हॉर्न वाजतो, एअरबॅग मेलेलीच राहते.

पुढची सीट मागेपुढे सरकवताना लाइट लागते-विझते असं असेल तर सीटखालचा कपलर ढिला आहे. मागं बसलेल्या पोरांचे पाय, घरंगळलेली पाण्याची बाटली, वॉशिंगवाल्याचा व्हॅक्यूम, काहीही कारण असू शकतं. किरकोळ काम आहे, पण तोवर त्या बाजूची बॅग किंवा बेल्ट ओढणारा प्रिटेन्शनर बंद असू शकतो.

बेल्ट झटका देऊन ओढा, अडकला पाहिजे. हळू ओढून शेवटपर्यंत बाहेर काढा, पट्टीची कड उसवलेली नको. सोडला की आपोआप पूर्ण आत गेला पाहिजे. मागच्या सीटचे बेल्टसुद्धा बघा, ते बहुतेक गाड्यांत सीट कव्हरच्या खाली गाडलेले असतात. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. मागच्यांनी बेल्ट लावायचा नियम त्याआधीपासूनच होता. बझर बंद करायला बक्कलमध्ये खोचायची पोकळ क्लिप मिळते, ती दिसली तर तिथल्या तिथे फेकून द्या. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना ती काढायला लावली, तरी रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात ती अजून लटकलेली असते. बेल्ट नसताना उघडलेली बॅग तोंडावर ठोसा मारते.

मग बाहेरून चिकटवलेल्या गोष्टी. बाजूच्या सीटपुढे डॅशबोर्डवर एअरबॅग असं कोरलेलं असतं आणि नेमका त्याच झाकणावर गणपती बसवलेला असतो. काढा म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, म्हणून मी सरकवा म्हणतो. झाकणाच्या पूर्ण बाहेर, जमलं तर धातूच्या मूर्तीऐवजी सपाट फोटो. सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग शिवलेला असेल तर घट्ट शिवलेलं रेक्झिनचं कव्हर त्या बाजूची बॅग अडवतं. अशा सीटसाठी कडेला मोकळी शिलाई असलेलं कव्हर मागा. पुढे लोखंडी बुलगार्ड असेल तर तो उतरवा. धडकेचा सेन्सर जी धडक मोजतो ती गार्ड बदलून टाकतो. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला लिहिलं आहे, आमच्या भागात मात्र गार्डशिवाय गाडीला रुबाब नाही अशी समजूत आहे.

स्टेबिलिटी कंट्रोल असेल तर त्याचं बटण दाबून धरा, ऑफची खूण पेटली पाहिजे, पुन्हा दाबलं की गेली पाहिजे. अलाइनमेंट करून आणल्यावर ही लाइट लागली तर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर शून्यावर आणून घ्यायचा राहिलाय. ज्यानं अलाइनमेंट केलं त्याच्याकडेच परत जा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. चढावर ब्रेक सोडून बघा, हिल होल्ड असेल तर गाडी दोनेक सेकंद धरते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बघायचं तर गाडी सुरू करताना स्टिअरिंग हलकं वळवून धरा, इंजिन लागताच ते हातात सैल व्हायला हवं.

टायरच्या हवेचा दिवा नुसता पेटलेला राहिला तर हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर बहुतेक गाड्यांत तो सिस्टिमचाच बिघाड असतो. चाकातल्या सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षांत संपते आणि ती वेगळी मिळत नाही, अख्खा सेन्सर घ्यावा लागतो. पंक्चरवाल्याला टायर काढण्याआधी व्हॉल्व्हजवळ सेन्सर आहे हे सांगा, नाहीतर पहारीखाली तो तुटलाच म्हणून समजा. ज्या गाड्यांत चाकात सेन्सर नसून एबीएसवरूनच अंदाज घेतात, त्यात हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं.

कॅमेरा आणि रडारवाल्या नव्या गाड्यांना दसऱ्याला एक वेगळंच संकट असतं. झेंडूचा भरगच्च हार ग्रिलवर बांधला की नेमका लोगोच्या मागचा किंवा बंपरमधला रडार झाकला जातो, आणि मालक लाइट लागली म्हणून पूजा झाल्या झाल्या फोन करतो. हार बांधा, फोटो काढा, आणि हायवेला लागण्याआधी उतरवा. काचेच्या वरच्या बाजूला आरशामागं कॅमेरा असतो, त्याच्यासमोर फास्टॅग, पार्किंगचा स्टिकर, देवाचं नाव काहीही नको. पुढची काच बदलली असेल तर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट केल्याचा, म्हणजे त्याचा नेम नीट लावल्याचा, कागद मागा. विम्यातून काच बदलताना हे काम राहून जातं, आणि मग गाडी लेन ओळखते पण एक हात बाजूला. रिव्हर्स सेन्सर मात्र सोपे आहेत. रिव्हर्स टाका, हँडब्रेक लावा, घरातल्या कुणाला मागून हळूहळू जवळ यायला सांगा. कान लावलात तर चालू सेन्सर बारीक टिकटिकतो, मेलेला गप्प असतो.

आता स्कॅनर. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचा पोर्ट असतो. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल घेऊन लोक खूश होतात, पण तो सहसा इंजिनचेच कोड (नोंदवलेल्या फॉल्टचे क्रमांक) वाचतो, म्हणजे पी अक्षरानं सुरू होणारे. ब्रेकचे कोड सी नं, एअरबॅगचे बी नं आणि कंट्रोलरांच्या आपसातल्या संभाषणाचे यू नं सुरू होतात. त्यासाठी गाडीच्या कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. वर्षातून एकदा अशा ठिकाणी जाऊन फुल सिस्टिम स्कॅन करा असं सांगा, आणि कोड पुसायच्या आधी त्याचा प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो घ्या. यादीत एअरबॅगचा कंट्रोलर दिसतो का ते बघा. तो उत्तरच देत नसेल तर बाकी यादी कितीही हिरवी असो, प्रश्न गंभीर आहे. कोड चालू आहे की जुना साठलेला आहे तेही विचारा. एकदा बॅटरी उतरली होती तेव्हाचा जुना कोड असू शकतो. तो पुसून आठवडाभरानं पुन्हा बघायचं.

तीनशे रुपयांत लाइट घालवून देतो म्हणणारा माणूस फक्त पुसतो. खराब सेन्सर तसाच राहतो आणि लाइट पुन्हा लागते, किंवा लागू नये म्हणून पुढची चिकटपट्टी येते. रेझिस्टरचा जुगाड पकडायला स्कॅनरवर एअरबॅगच्या सर्किटचा रोध दाखवणारं पान उघडायला सांगा, जिथे ते मिळतं तिथे. सगळ्या बॅगांचा आकडा दशांशापर्यंत एकसारखा आणि अजिबात न हलणारा असेल तर मी झाकण उघडून बघायला सांगतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. सांगली-कोल्हापूरच्या बुडालेल्या गाड्या साफ करून कुठे कुठे विकल्या गेल्या ते कोणी सांगू शकत नाही. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर गिअरच्या दांड्याखाली, फरशीला चिकटून असतो, म्हणजे पाणी आत आलं की पहिल्यांदा तोच बुडतो. वाळल्यावर चालूही होतो आणि वर्षा-दोन वर्षांनी पिनांना गंज चढून बंद पडतो. विकणारा सीट कव्हर बदलतो, परफ्यूम मारतो, पण बेल्ट कोणी धूत नाही. चारही बेल्ट मुळापर्यंत ओढा. शेवटच्या वितीत मातकट आडवी रेघ दिसली तर पाणी कुठवर चढलं होतं ते कळलं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, मॅटिंगखालचा फोम हाताला रेती लावतो का, तेही बघा. अशी गाडी घेऊ नका. स्वस्त मिळतेय म्हणून घेणारच असाल तर किमतीत नवा एअरबॅग कंट्रोलर आणि वायरींचा हार्नेस धरून सौदा करा.

दुचाकीचं थोडक्यात. १२५ सीसीच्या वर असेल आणि एप्रिल २०१९ नंतरची असेल तर एबीएस आहेच. बऱ्याच बाइकचा एबीएसचा दिवा किल्ली फिरवल्यावर विझत नाही, ताशी पाच-दहाचा वेग घेतल्यावर विझतो, तेव्हा उभ्या गाडीवर घाबरू नका. सिंगल चॅनलमध्ये फक्त पुढचं चाक सांभाळलं जातं, मागचं अडकतंच. डिस्कजवळची भोकांची रिंग चिखलानं भरली असेल तर मऊ ब्रशनं साफ करा, प्रेशरचं पाणी थेट सेन्सरवर नको. बहुतेक स्कूटरना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरणारी जोडणी) असतं, त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. मेन स्टँडवर लावून कोणाला मागून दाबायला सांगा, पुढचं चाक उचलून फिरवा, डावा ब्रेक दाबला की पुढचंही थांबलं पाहिजे.

पिवळ्या पाटीवाल्यांना फिटनेसची सरकारी तपासणी आहे: ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. त्यांना जास्त काय सांगायचं? एवढंच की २०१९ नंतरच्या टॅक्सी-बसमध्ये ट्रॅकिंगचं यंत्र आणि पॅनिक बटण असतं, आणि नवी सीट कव्हरं शिवताना ती बटणं कव्हराखाली जातात. फिटनेसच्या आदल्या दिवशी शोधत बसू नका. ज्यानं यंत्र बसवलं त्याला सांगून एकदा टेस्ट अलर्ट पाठवून बघा.

आणि लाइट वाटेतच लागली तर? एकटी पिवळी एबीएसची असेल तर साधा ब्रेक चालू आहे. अंतर वाढवा, वेग कमी करा, गाव गाठा. एअरबॅगची असेल तर गाडी चालते, बेल्ट सगळ्यांनी लावा आणि त्याच आठवड्यात दाखवा. स्टिअरिंगची लागली तर ते जड होईल, पण वळेल. दोन्ही हातांनी ओढून गाडी बाजूला घ्या, बंद करून पुन्हा सुरू करून बघा. पण एबीएसची पिवळी आणि ब्रेकची लाल दोन्ही एकदम लागल्या आणि हँडब्रेक सोडलेला असेल, तर पुढे जाऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही गेलेली असू शकते, मागची चाकं आधी अडकून गाडी फिरते, किंवा ऑइलच गळत असेल. कडेला घ्या, ब्रेक ऑइलचा डबा बघा, भरलेला असला तरी टोइंगलाच फोन करा. घाटात असाल तर गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.